कडीखालचा रंग

१

"आत जाताना टक्‌ करून मोजतं, बाहेर येताना मुकाट सोडतं. मग आत किती राहिले ते कळणार कसं? तेव्हाही हेच होतं, आताही हेच."

फिरत्या फाटकाच्या दांडीत पोट अडकवून एक म्हातारा त्या दांडीशीच भांडत होता. त्याच्या मागे पणबाई पर्स छातीशी धरून खोळंबली होती.

"काका, जरा पुढे होता का?"

"होतो हो. घाई करायची तेव्हा कोणी केली नाही, आता सगळ्यांनाच घाई."

पणबाई हे काही तिचं खरं नाव नव्हतं. ती विमा कंपनीची सर्व्हेअर. कुठे आग लागली, चोरी झाली, काही मोडलं की जाऊन बघायचं आणि नुकसान खरं की बनाव ते सांगायचं, हे तिचं काम. समोरचा कितीही पटेलसं बोलला तरी तिचं पुढचं वाक्य 'पण'नेच सुरू व्हायचं. ऑफिसातल्यांनी मागून ठेवलेलं हे नाव तिला केव्हाच कळलं होतं. पन्नाशी ओलांडल्यावर बाईला नावाचं काय एवढं, असं म्हणून तिने ते चालवून घेतलं होतं.

आजची चोरी एका कलादालनातल्या शिल्पातून झाली होती. शिल्पाचं नाव 'पाळी'. पाडून टाकलेल्या कारखान्याच्या वस्तीतून जे जे भंगारात निघालं, त्यातून ते उभं केलेलं. सुरुवातीला हे फिरतं फाटक. पुढे गंजलेल्या जाळ्यांचा आणि मोर्चे अडवायच्या लोखंडी कठड्यांचा एक बोळ, खांदे आखडूनच जावं लागेल इतका अरुंद. वर आंधळ्या झालेल्या कॅमेऱ्यांची खोकी, सगळी आपल्याकडेच माना वळवून. बोळाच्या शेवटी कारखान्याचं खरंखुरं मागचं दार, दोन जाड पत्र्यांचं, बंद. ढकलून बघायचं, उघडत नाही म्हणून चरफडत मागे फिरायचं. मग दालनाला वळसा घालून दाराच्या पलीकडे गेलं की दिसायचं, कडी तर बाहेरून आहे. हातभर लांब लोखंडी कडी. कोणीही सहज सरकवली असती.

दिसायची, म्हणायला हवं. आज सकाळपासून ती जागेवर नव्हती.

"बाई," म्हातारा मागे वळून म्हणाला, "ती कडी दुपारच्या आत सापडली नाही, तर माझी बायको दुसऱ्यांदा मरेल बघा."

२

त्या दारामागे पूर्वी आग लागली होती. आतले कामगार बाहेर येऊ शकले नाहीत. तेव्हाच्या चौकशीने निकाल दिला, की संपावरच्या कामगारांनी रागाच्या भरात दार स्वतःच आतून बंद केलं होतं. म्हणजे मेले ते आपल्या करणीने. काकांची बायको त्यातच गेली. दार मात्र चौकशीला कधी दिसलंच नाही, आधीच भंगारात गेलं होतं. आता ते या दालनात उभं राहिलं, कडी बाहेरच्या अंगाला दिसली, आणि गाजावाजा होऊन नवी समिती बसली. ती आज दुपारी दार बघायला येणार होती.

"आणि आजच चोरी," पणबाई म्हणाली.

"योगायोग, मॅडम," दालनाचे संचालक म्हणाले. संचालक गुळगुळीत होते, बोलणं आणि बूट दोन्ही. दालन ज्या घराण्याच्या देणगीवर चालत होतं त्याच घराण्याचा तो कारखाना, आणि दालनही त्याच्याच जुन्या बॉयलरघरात. "भंगारवाल्यांचं काम आहे. तुम्ही 'अज्ञात चोर' लिहून टाका, सगळ्यांनाच बरं पडेल."

"पण भंगारवाल्याने कडी नेली, आणि शेजारचं तांब्याच्या तारेचं भेंडोळं ठेवून गेला? इतका हौशी चोर?"

संचालकांनी घड्याळ पाहिलं.

"कडी शेवटची कोणी पाहिली?"

"मीच. काल संध्याकाळी दालन बंद करताना. जागेवर होती. नंतर रात्रभर पहारेकरी दालनाच्या दारातच बसून होता, त्याला काही ऐकू आलं नाही."

पणबाई दाराच्या बाहेरच्या अंगाला गेली. कडी जिथे जोडलेली होती तिथे दोन चट्टे होते, ताज्या कापलेल्या लोखंडासारखे चकचकीत. बाकी सगळं दार तांबडं-काळं, भाजलेलं. तिने गुडघ्यांना दोन शिव्या दिल्या आणि खाली बसली. जमीन फिक्या लाकडाची होती, नवी कोरी, दुधाची साय पसरल्यासारखी. तिने तळहात फिरवला. स्वच्छ.

"पण ग्राइंडरने लोखंड कापलं, की ठिणग्यांचा पाऊस पडतो ना? या लाकडावर एक डाग नाही."

"काहीतरी अंथरलं असेल."

"आणि आवाजावर काय अंथरलं?"

उठताना तिच्या हातातला कागदी कप कलंडला आणि चहाचे दोन थेंब त्या चकचकीत चट्ट्यावर पडले. ते पसरले नाहीत. अळूच्या पानावर पडावेत तसे गोल झाले आणि घरंगळून गेले. पणबाईने बोट फिरवून नाकाशी नेलं. मेण.

शिल्पाच्या प्रवेशाशी ठळक पाटी होती, 'कृपया हात लावा'. इथे दारासमोर मात्र दोन खुंट्यांना दोर बांधून लोकांना हातभर लांब ठेवलं होतं.

"हा दोर तुमचा?"

"नाही, नाही. हे शिल्प केलं त्या ताईंच्या धाकट्या भावाने बांधलाय. दार बसवलं त्याच दिवशी. पत्र्याची धार लागेल म्हणे."

पणबाईने दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला. कडा घासून घासून बाळाच्या कानासारखी मऊ केलेली होती.

"साहेब," ती म्हणाली, "तुमच्या दालनात काहीही कापलं गेलेलं नाही. ही कडी इथे आली तेव्हा कापूनच आली होती."

३

कार्यशाळा दालनाच्या मागेच होती, एका पत्र्याच्या शेडमध्ये. ताई स्टुलावर बसून सिगारेट न पेटवता चावत होती. पंचावन्नची, हातांवर भाजल्याचे जुने डाग, केसांत लोखंडाचा कीस.

"त्या गुळगुळीतानेच नेली," ती पणबाईला बसूही न देता म्हणाली. "त्यांच्याच देणगीतून त्यांच्याच तोंडावर दार आपटलं मी. सोसवेल कसं? भंगारात हे दार दिसलं तेव्हा मी तिथेच चिखलात बसले होते, माहितीये? अख्खी वस्ती म्हणायची, 'कडी लागली होती'. लागली होती! जशी काही वाऱ्यानेच लागली."

"पण तुमचं घरही त्याच वस्तीत होतं ना?"

"अहो, माझे बाबाच या दारावर फाटकवाले होते. नशीब, की त्या दिवशी तापाने फणफणून घरी पडले होते. आई त्यांच्या उशाशी. नाहीतर बाबांनी उघडलं असतं दार." तिचा आवाज जरासा मऊ झाला. "फार लागलं त्यांना ते. पुढे मरेपर्यंत घराचं दार लावू दिलं नाही. थंडीत आम्ही कुडकुडायचो, पण दार सताड उघडं."

मागे धाकटा एका चौकटीवर वाकला होता. दोन पत्रे काटकोनात उभे होते, वेल्डिंग न करताच. कोपऱ्यात आतल्या बाजूने तळहाताएवढी काळी लोहचुंबकं चिकटलेली.

"जोडायच्या आधी पत्रे धरून ठेवायला," पणबाई बघतेय म्हणताना तो म्हणाला. न विचारताच.

"आणि हे मेण कशाला?" तिने डबा उचलला. एक साधा पिवळट होता, शेजारचा काळा.

"उघडं लोखंड एका दिवसात तांबूस पडतं. मेण लावलं, की राहतं तसंच."

"आणि काळं?"

"काजळी मिसळलेलं. जुनं दाखवायला." आणि मग एकदम तुटकपणे, "बाई, कामं आहेत मला."

शेडच्या कोपऱ्यात स्टोव्हवर चहा ठेवून आई बसली होती. सुरकुतलेली, ताठ. खांद्याला कापडी पिशवी, बसल्या जागीही उतरवली नव्हती.

"बस पोरी. साखर किती?"

"कमीच. आई, तो आगीचा दिवस आठवतो तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? दुपारी काळोख झाला होता धुराने. मी पांघरुणात. डोळे उघडवत नव्हते, अंगाची नुसती लाही. शेजारीण घागर भरून ठेवून गेली, तिनेच सांगितलं काय झालं ते." आईने चहा गाळला. "पुरे की ते आता. मेलेल्यांना मरू द्यावं, बाई."

पणबाईने मान हलवली. लाही कोणाच्या अंगाची होत होती, हे तिला विचारावंसं वाटलं. त्याऐवजी तिने साखर ढवळली आणि चमचा बशीत ठेवला. आई कप उचलायला वाकली, पिशवी पुढे झुकली, आणि बशीतला चमचा टुणकन उडून पिशवीच्या कापडाला चिकटला.

दोघी त्या चमच्याकडे बघत राहिल्या.

"भारी दिसते पिशवी," पणबाई म्हणाली.

आईने चमचा सोडवला, पदराने पुसला आणि परत बशीत ठेवला.

"या वयात पिशव्या भारीच असतात," ती म्हणाली.

४

खरं तर काम इथेच संपलं होतं. पिशवी उघडायला सांगायची, दोन ओळी लिहायच्या, की दावा खोटा. पणबाईच्या नोकरीत एवढंच लागायचं. कोणी केलं ते कळलं की साहेब खूष. पण ती पिशवी एका म्हातारीच्या खांद्यावर होती, आणि खांदा खाली ओढला जात असतानाही तिने ती उतरवून ठेवली नव्हती. कडी फेकायला अख्खं शहर पडलं होतं. नदी होती, भंगारवाले होते. न फेकता ती खांद्यावर वागवायची, हे चोराचं लक्षण नव्हे.

काका दालनाच्या पायरीवर बसले होते. इस्त्री केलेला सदरा, समितीसाठी.

"काका, एक विचारते. कडी बाहेरून होती हे तुम्ही आयुष्यभर सांगत आलात. पण ती घातली कोणी, हे कधीच का सांगितलं नाहीत?"

"कारखान्याने घातली."

"कारखान्याला हात नसतात."

काका फिरत्या फाटकाकडे बघत राहिले. एक जोडपं आत गेलं, टक्‌ टक्‌.

"ती गेली तेव्हा माझी मुलगी पाळण्यात होती," ते म्हणाले. "मी दिवसभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवायचो. वहिनींनी वाढवली तिला. ताईची आई हो. स्वतःच्या दोघांच्या आधी तिच्या तोंडात घास. पोरीच्या लग्नात भाऊ म्हणून धाकटा उभा राहिला. आता सांगा, काय विचारत होतात तुम्ही?"

"काही नाही."

"तेच बरं," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "पण तिच्या नावावरचा तो डाग पुसला जायला हवा हो. 'स्वतःच्या करणीने'. ती तर उंबऱ्यावरचा मुंगळासुद्धा ओलांडून जायची."

पणबाईला आपल्या कामाचा मनापासून राग आला. कडी घालणाऱ्याचं नाव घेतलं तर या म्हाताऱ्याचं उरलंसुरलं घर मोडणार होतं. न घेतलं, तर बायकोच्या नावावरचा डाग तसाच राहणार. आणि मालकांना बोटसुद्धा उचलायला लागलं नव्हतं. त्यांच्या वतीने हे गरीबच आपापसात सगळं मिटवून देत होते, प्रेमाने.

ती तडक आत गेली आणि झाडणाऱ्या बाईकडून टर्पेंटाइन आणि एक पांढरं फडकं मागून घेतलं. दोर ओलांडून तिने चकचकीत चट्ट्याच्या शेजारी, गंजावर, फडकं दाबून पुसलं. इतकी वर्षं जळकी गोदामं बघून एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती, गंज फडक्यावर तांबडा उतरतो.

फडकं काळं झालं होतं. आणि दारावर पुसल्या जागी हिरवं काहीतरी डोकावत होतं.

तिने पुसणं थांबवलं. "साहेब," तिने संचालकांना हाक मारली, "कार्यशाळेतल्या तिघांना बोलवा. आणि काकांनाही. समिती यायच्या आत."

५

"अहो पण 'अज्ञात चोर'..." संचालक म्हणाले.

"चोर अज्ञात नाही आणि चोरीही नाही. आता मला बोलू द्या."

सगळे दाराच्या बाहेरच्या अंगाला उभे होते. ताई पुढे, हाताची घडी. धाकटा तिच्या मागे, आई त्याच्या आडोशाला. काका दूर भिंतीला टेकून, जणू वाट चुकून आत आलेले.

"कडी इथे कापली असती तर आवाज झाला असता, आणि ठिणग्यांनी लाकूड भाजलं असतं. तसं काही नाही. म्हणजे ती कार्यशाळेतच कापली, दार इथे यायच्या आधी. मग काल संध्याकाळपर्यंत साहेबांना दिसली कशी? तर लोहचुंबकाने धरून ठेवली होती, जोडायच्या आधी पत्रे धरतात तशी. लांबून बघणाऱ्याला कळत नव्हतं. हात लावणाऱ्याच्या मात्र हातातच आली असती. म्हणून जिथे सगळीकडे 'हात लावा', तिथे इथेच दोर. कापलेली जागा ताजी दिसायला हवी, म्हणून तिला मेण. आज सकाळी दालन उघडताच कोणीतरी आलं, कडी फळासारखी खुडली, पिशवीत टाकली आणि गेलं. आवाज नाही, ठिणगी नाही."

ताई गर्रकन मागे वळली. "तू?"

धाकट्याने मान खाली घातली.

"दोर तू बांधलास. मला म्हणालास, धार लागते. मीच घासली होती ती धार!" तिचा आवाज चिरकला. "किती दिले रे त्यांनी तुला?"

"ताई, तसं नाही..."

"मग कसं? दुपारी ती माणसं येऊन बघतील, कडी नाही, पुरावा नाही. काकांनी अख्खं आयुष्य..."

"पुरावा आहे," पणबाई म्हणाली. "तोच तर दाखवायला बोलावलंय."

तिने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि दारावर आडवं ओढलं. काळं मेण विरघळून ओघळलं. पुन्हा ओढलं. दोन्ही पत्र्यांच्या फटीवरून, या पत्र्यापासून त्या पत्र्यापर्यंत, हातभर लांब हिरवा पट्टा वर आला. जुन्या तेलरंगाचा, पालवीसारखा ताजा हिरवा. आजूबाजूचा सगळा रंग फुगून, करपून, धुराने काळा झालेला. तेवढा पट्टा शाबूत.

"फटीतून धूर बाहेर आला तेव्हा कडी इथे आडवी होती. तिच्याखालचा रंग तिने वाचवला. कडी उघडी असती, तर पट्टा या एकाच पत्र्यावर राहिला असता. कापल्यावर हा दिसला, म्हणून यावर काजळीचं मेण फासलं. कडी नेता आली, कडीखालचा रंग कसा नेणार?"

काका भिंतीपासून सुटले. पुढे आले आणि त्यांनी त्या हिरव्या पट्ट्यावर हात ठेवला. तसाच, बायकोच्या कपाळावर ठेवावा तसा.

"म्हणजे झालं!" ताई हसत होती आणि डोळे पुसत होती. "बाहेरून, आणि बंद. आता लिहा म्हणावं 'स्वतःच्या करणीने'." मग हसू हळूहळू ओसरलं. "पण धाकट्या, तू हे का केलंस? आपला काय संबंध?"

धाकटा खुंटीवरच्या दोराची गाठ सोडू लागला.

"काका, तुम्ही तरी विचारा त्याला."

"राहू दे, ताई," काका दाराकडेच तोंड करून म्हणाले. "रंग मिळाला ना. तेवढा पुरे मला."

"पुरे कसा? ते विचारतीलच, घातली कोणी? तोच माणूस सांगेल हुकूम कोणाचा होता ते. त्याच्याशिवाय मालक सुटणार, परत!" तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी थबकलं. "बाबा तर त्या दिवशी तापाने घरी होते ना?"

बाहेर गाडीची दारं वाजली. संचालक टाय नीट करत लगबगीने बोळाकडे निघाले. पणबाईने हातातल्या काळ्या फडक्याची घडी घातली, पुन्हा घातली. याच्या उत्तराचं वाक्य तिचं नव्हतं. ते तिने म्हटलं असतं, तर ती नुसती तपासणी झाली असती.

"आई," ताई म्हणाली, "बाबा घरी होते ना?"

आईने खांद्यावरची पिशवी उतरवली. वाकून जमिनीवर ठेवली, तेव्हा लाकडावर धप्प आवाज झाला. ती ताठ झाली, आणि आज पहिल्यांदा तिचा तो खांदा दुसऱ्या खांद्याच्या बरोबरीला आला.

फिरत्या फाटकाने आत येणाऱ्यांना मोजलं. टक्‌. टक्‌. टक्‌.

"ताप मला होता," आई म्हणाली. "ते पाळीवर होते. कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं म्हणून कडी यांनी घातली. आतून हाका येत होत्या, यांना सगळ्या ऐकू येत होत्या. भाऊजी, तुमच्या बायकोने यांना नावाने हाक मारली होती. पण काढ म्हणून साहेबांनी सांगितलं नव्हतं, म्हणून यांनी काढली नाही."